एकट्याने खेळायचे भय



गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा काही दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी अपयश पदरी आलेला आणि त्यामुळे बोलण्यात थोडा तुटक झालेला असा हा मुलगा. एके रात्री दोनच्या सुमारास मी पाणी पिण्यासाठी उठलो, तो त्याच्या खोलीत दिवा नाही, केवळ संगणकाचा मंद उजेड. कानांवर हेडफोन, खांदे आखडलेले, श्वास रोखलेला. पडद्यावर एका जुन्या किल्ल्याचे तळघर दिसत होते आणि त्यात काहीच घडत नव्हते. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला मात्र, तो किंचाळून उठला. मी चिडून विचारले, "इतकी भीती वाटते, तर खेळतोस कशाला?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, इथं भीती वाटली तर काय करायचं ते शोधून तरी काढता येतं."

या उत्तराने माझा राग ओसरला, पण प्रश्न उरलाच. भीती ही माणसाने टाळावयाची गोष्ट. मग पदरचे पैसे खर्चून, दार लावून, एकट्याने ती विकत घेणारी माणसे देशोदेशी का आढळावीत? या प्रश्नाचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम या खेळांचे स्वरूप पाहू. संगणकावरील बहुतेक खेळ शर्यतीचे अथवा युद्धाचे असतात. त्यांत वेग आणि नेम यांना महत्त्व. परंतु मानसिक भयाचे आणि कोड्यांचे खेळ ही त्यांची एक निराळी शाखा आहे. त्यांत खेळणारा एकटाच असतो. समोर कुणी प्रतिस्पर्धी नाही, बरोबर कुणी सोबती नाही. एखादे ओसाड घर, इस्पितळ किंवा गाव, त्यात काहीतरी भयंकर घडून गेल्याच्या खुणा, आणि बंद दारे. दार उघडावयाचे तर कोडे सोडवावे लागते, आणि कोडे सोडवीत असताना मागे कुणीतरी वावरत असते. या प्रकाराची परंपरा तशी अलीकडची. १९९२ साली फ्रान्समध्ये तयार झालेला 'अलोन इन द डार्क' आणि १९९६ साली जपानमध्ये तयार झालेला 'रेसिडेंट ईव्हिल' यांनी तिचा पाया घातला. पण भयाचे स्थान बाहेरच्या राक्षसांकडून माणसाच्या मनाकडे खऱ्या अर्थाने वळविले ते पुढच्या काही खेळांनी. त्यांतील दोन मी आज निवडले आहेत.

पहिला, माझा भाचा खेळत होता तो. 'अम्नीशिया: द डार्क डिसेंट' हे त्याचे नाव. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या लहानशा संस्थेने तो २०१० साली प्रसिद्ध केला. कथा १८३९ मधली. डॅनियल नावाचा एक इंग्रज तरुण प्रशियातील ब्रेननबर्ग नावाच्या किल्ल्यात शुद्धीवर येतो. नावापलीकडे त्याला फारसे काही आठवत नाही. थोड्याच वेळात त्याला एक चिठ्ठी सापडते, आणि ती त्याने स्वतःच स्वतःला लिहिलेली असते. स्मृती नष्ट करणारे औषध मी समजून-उमजून घेतले आहे, असे तीत म्हटलेले असते, आणि किल्ल्याच्या मालकाला ठार मारण्याची आज्ञाही असते.

या खेळात शस्त्र नाही. राक्षस आला तर पळावे, लपावे, कपाटात शिरून दार ओढून घ्यावे, एवढेच हाती असते. आता खरी मेख पाहा. अंधारात उभे राहिले तर राक्षसाला आपण सहजी दिसत नाही, पण अंधारात फार वेळ काढला की डॅनियलचे चित्त ढळू लागते. दृष्टी धूसर होते, दात करकरतात, नसलेले किडे डोळ्यांपुढे वळवळतात. उजेड करावा तर कंदिलातले तेल मोजके, मेणबत्त्या पेटविण्याचे साहित्यही मोजके, आणि उजेडात आपण दिसणार. राक्षसाकडे टक लावून पाहिले तरी चित्त ढळते. म्हणजे ज्याची भीती त्याला धड पाहताही येत नाही.

मग हे ढळलेले चित्त ताळ्यावर कसे यावे? या खेळाच्या रचनाकारांनी येथे जी योजना केली आहे ती मला फार मार्मिक वाटते. कोडे सुटले, पुढची वाट मोकळी झाली, की डॅनियलचे मन पुन्हा स्थिर होते. एके ठिकाणी वाट अडविणारा मांसल थर विरघळविण्यासाठी आम्ल तयार करावे लागते. त्यासाठी दारूच्या तळघरातून द्रव्ये हुडकून प्रयोगशाळेत ती एकत्र करावयाची. पुढे एक बंद पडलेला पाळणा चालू करावयाचा असतो. त्यासाठी भट्टीत कोळसा घालावा, दातेरी चाके जागच्या जागी बसवावीत, खटके अचूक लावावेत. वास्तविक ही कामे एरवी क्षुल्लक. शाळकरी मुलगा शांतपणे बसला तर सहज करील. पण भीतीचा स्वभावच असा की ती लक्ष एकाच बिंदूवर खेचून घेते, आणि कोड्याला तर चौफेर, निवांत लक्ष लागते. दोन परस्परविरोधी मागण्या एकाच वेळी पुऱ्या करणे, हाच येथला खेळ. हात थरथरत असताना चाक नीट बसविले, की जो आनंद होतो तो चाकाचा नसतो. भीती शाबूत असतानाही माझी बुद्धी चालली, याचा तो आनंद असतो. भाच्याच्या उत्तराचा अर्थ मला येथे प्रथम उमगला.

भयातून आनंद कसा, हा प्रश्न मात्र संगणकाहून पुष्कळ जुना आहे. भरताने नाट्यशास्त्रात भयानक हा स्वतंत्र रस मानला. सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने रसप्रक्रिया उलगडून दाखविताना उदाहरण घेतले ते शाकुंतलातील दुष्यंताच्या बाणापुढे पळणाऱ्या हरणाचे. प्रेक्षकाला जाणवणारे ते भय त्या हरणाचेही नाही आणि प्रेक्षकाचे स्वतःचेही नाही. स्थलकालाची बंधने गळून पडलेले ते निखळ भय असते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. युरोपात १७५७ साली एडमंड बर्क यानेही निराळ्या वाटेने असेच काही सांगितले. संकट अगदी अंगावर आले तर ते केवळ भयंकर, पण काही अंतरावर राहिले तर त्यातून एक प्रकारचा हर्ष मिळू शकतो.

हे अंतर किती असावे, याला आता प्रयोगाचाही थोडा आधार मिळाला आहे. डेन्मार्कमधील एका भयगृहात जाणाऱ्या ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. भीती फार थोडी वाटली तर गंमत नाही, फार वाटली तरी नाही. मधल्या टप्प्यावर आनंद सर्वाधिक, असे त्यात दिसून आले. घरी बसून खेळणाऱ्याच्या हाती तर खेळ थांबविण्याची कळच असते. भीतीची मात्रा तो स्वतः ठरवू शकतो, आणि खऱ्या आयुष्यात ही सोय आपल्यापैकी कुणालाच नाही.

तथापि, रससिद्धान्त आपल्याला येथे अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो, असे मला वाटते. नाटक पाहणारा "दुष्यंताने बाण सोडला" असे म्हणतो. हे खेळ खेळणारा मात्र "डॅनियल मेला" असे म्हणत नाही, तो म्हणतो, "मी मेलो." दार त्याने स्वतः ओढलेले असते. या किल्ल्यात तर दार एका कळीने उघडत नाही, हाताने खरोखर ओढल्यासारखे हळूहळू ओढावे लागते. भय साधारण झालेले नसते, ते पुरते माझे असते. म्हणून या खेळांना जे करता येते ते नाटकाला करता येत नाही. त्याचे उदाहरण म्हणजे माझा दुसरा खेळ.

जपानच्या कोनामी कंपनीने २००१ साली 'सायलेंट हिल २' प्रसिद्ध केला. त्याची कीर्ती अशी टिकून राहिली की २०२४ साली पोलंडमधील एका संस्थेने तो नव्याने घडवून पुन्हा लोकांपुढे आणला. जेम्स नावाच्या एका साध्या माणसाला आपल्या पत्नीचे पत्र येते. ती तीन वर्षांपूर्वी आजाराने वारलेली आहे. पत्रात ती त्याला सायलेंट हिल या गावी बोलावते. गावभर दाट धुके. आकाशवाणीच्या श्रोत्यांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट येथे आहे. जेम्सला एक लहानसा रेडिओ सापडतो. त्यावर कोणतेही केंद्र लागत नाही, पण एखादा विकृत जीव जवळ आला की त्यातून खरखर ऐकू येऊ लागते. धुक्यात डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते. अशुभाची वर्दी देणारी ती खरखर हेच त्या गावाचे संगीत. खेळ सुरू करताना झुंजी किती कठीण असाव्यात आणि कोडी किती कठीण असावीत, हे वेगवेगळे ठरविता येते. यावरून कोड्यांना तेथे केवढा मान आहे हे कळावे.

कोडी सोडवीत, दारे उघडीत जेम्स अखेर एका हॉटेलच्या खोलीत पोहोचतो. तेथे एक चित्रफीत पाहताना सत्य उलगडते. पत्नी आजारी होती हे खरे, पण तिचा अंत त्याच्याच हातून झालेला असतो, आणि ते त्याने स्वतःपासून लपविलेले असते. ज्या अक्राळविक्राळ आकृतीपासून तो इतका वेळ पळत होता, ती त्याला शिक्षा करण्यासाठी त्याच्याच मनाने उभी केलेली असते. हे तो कबूल करतो, आणि त्यानंतर अशा दोन आकृती त्याच्यापुढे उभ्या ठाकतात. काही वेळ झुंज होते, मग त्या आपणच आपला अंत करून घेतात. त्यांचे काम संपलेले असते.

डॅनियलचेही तसेच. आपल्यामागे लागलेल्या एका अज्ञात छायेपासून सुटण्यासाठी त्याने कैद्यांच्या छळात भाग घेतलेला असतो, आणि ते विसरण्यासाठीच ते औषध. त्याने प्रयोगशाळेत एकत्र केलेल्या द्रव्यांत हरताळही आहे, हे मला अर्थपूर्ण वाटले. आपल्याकडे पोथीतील चूक झाकण्यासाठी तिच्यावर हरताळ फाशीत असत. डॅनियलने आपल्या सबंध स्मृतीवरच हरताळ फासला होता.

अपराध्याचा शोध घेणारा स्वतःच अपराधी निघतो, ही कल्पना नवी नाही. सॉफोक्लीसच्या ज्या नाटकाला पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' या नावाने मराठीत आणले, त्याचे मर्म हेच. स्फिंक्सचे कोडे सोडवून राजा झालेला पुरुष अखेर आपलेच कोडे सोडवितो आणि त्यात सर्वस्व गमावतो. फरक इतकाच, की तेथे आपण प्रेक्षागृहात बसून हळहळतो. येथे प्रत्येक दार आपण उघडलेले असते. 'सायलेंट हिल २'चा शेवटही एकच नाही. पत्नीचे छायाचित्र आणि पत्र तुम्ही वारंवार पाहता की नाही, जखमी झाल्यावर स्वतःची काळजी घेता की तसेच रेटता, अशा गोष्टींची तो खेळ गुपचूप नोंद ठेवतो आणि त्याप्रमाणे शेवट देतो. नकळत तुमचीच परीक्षा झालेली असते.

एकांत का हवा, तेही यावरून स्पष्ट होते. सोबती आला की भीती हसण्यावारी जाते, आणि जबाबदारीचीही वाटणी होते. मी सरकारी नोकर आहे. आमच्याकडे एका निर्णयावर पाचसहा सह्या असतात. निर्णय चुकला तर चूक नेमकी कुणाची, हे शोधणे हेच एक कोडे होऊन बसते. त्या अंधाऱ्या तळघरात दुसऱ्या कुणाची सही नसते. पाऊल माझे, चूक माझी, सुटकाही माझीच. मनातल्या मनात प्रत्येकाला या हिशेबाची कधी ना कधी गरज भासते, आणि आजच्या गजबजाटात त्यासाठी जागा फार थोड्या उरल्या आहेत.

याचा अर्थ हे खेळ सर्वांनी खेळावेत असा नाही. लहान मुलांच्या हाती ते देऊ नयेत. ज्यांचे दुःख ताजे आहे, ज्यांना खेळ थांबविला तरी भीती सोडीत नाही, त्यांनी त्यांपासून दूर राहणे बरे. पण एखादा तरुण रात्री एकटा असे काही खेळताना दिसला, तर तो वाया चालला असे मानण्याची घाई करू नये. आपल्या आयुष्यातील ज्या दाराला हात लावण्याचे त्याला धैर्य होत नाही, त्याची उजळणी तो कदाचित तेथे करीत असेल.

सुटी संपण्यापूर्वी मीही एकदा भाच्याच्या शेजारी बसून तो किल्ला खेळून पाहिला. पाण्याने भरलेल्या एका तळघरात अदृश्य जीव आहे. तो दिसत नाही, पाण्यावर केवळ त्याच्या पावलांची छबछब आपल्याकडे येताना दिसते. पाण्यात न उतरता या खोक्यावरून त्या खोक्यावर उड्या मारीत पलीकडे जावयाचे. मी तीनदा बुडालो. भाचा काही न बोलता पाहत होता. चौथ्या वेळी मी कळ दाबून खेळ थांबविला, तेव्हा तो म्हणाला, "मामा, घाई करायची नाही. आधी पुढचं खोकं कुठं आहे ते बघून ठेवायचं." त्याच आठवड्यात त्याने राहिलेल्या परीक्षेचा अर्ज भरला. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असा माझा दावा नाही. पण पुढचे खोके त्याने पाहून ठेवले होते, एवढे मात्र खरे.