वाहन अभिज्ञातक, मार्गांतर्गत
चौकाकडे येणाऱ्या वाहनाची नोंद घेऊन त्यानुसार वाहतुकीचे दिवे बदलविणारी, सडकेत बसविलेली प्रयुक्ती. ठराविक वेळाने बदलणारे दिवे रिकाम्या रस्त्यासही वाट मोकळी करून देतात. हा अपव्यय टाळणे हा तिचा हेतू होय.

अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे १९२८ मध्ये चार्ल्स ॲड्लर यांनी भोंग्याच्या आवाजाने बदलणारे दिवे बसविले. शेजाऱ्यांना ते सुखावह झाले नसावेत. त्याच सुमारास हेन्री हॉ यांनी सडकेत दोन धातुपट्ट्या बसविल्या. चाकाच्या भाराने त्या एकमेकींस टेकून विद्युत् मंडल पूर्ण होई. ही पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ रूढ होती.

१९६० नंतर प्रवर्तन वेटोळे प्रचारात आले. सडकेत खाच पाडून तारेचे काही वेढे पुरतात व ते आंदोलकास जोडतात. वर वाहन आले की त्याच्या धातूत आवर्त प्रवाह निर्माण होतात, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व घटते आणि आंदोलकाची कंप्रता वाढते. भाराचा येथे संबंध नसतो. त्यामुळे वेटोळ्याच्या मध्यभागी थांबलेली सायकल बहुधा सुटते. नेमकी तारेवर असल्यास सापडते. लोखंडी धाव असलेली लाकडी बैलगाडीही मोटारीइतकी सहज जाणवत नाही. हॉ यांच्या पट्ट्यांना तिचा भार पुरला असता.

तार तुटणे हा मुख्य दोष. पूर्णा खोऱ्यातील दर्यापूरसारख्या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरील सडकेस तडे गेल्यास तारही ताणली जाते. वेटोळे निकामी होताच त्या बाजूस वाहन सदैव उभे आहे असे मानण्याची योजना अनेक नियंत्रकांत असते. मग रिकाम्या रस्त्यासही पुन्हा हिरवा दिवा मिळू लागतो.