पावसाचा खंड मोजणारा रकाना

बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की वाटेत पाली लागतं. जवळच बिंदुसरा प्रकल्प आहे. तो भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं की बीडकर ते बघायला गर्दी करतात. कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र त्याआधीच दुसरा प्रश्न छळत असतो : पेरणी झाल्यावर पावसाने सलग किती दिवस दडी मारली? २०२३च्या खरिपात मराठवाडाभर हीच चर्चा होती. पावसाचा २१ दिवसांचा खंड आणि त्यावर मिळणारी पीकविम्याची २५ टक्के अग्रिम, हे शब्द तेव्हा पारापारावर ऐकू येत होते. हा हिशोब तेव्हा महसूल मंडळनिहाय होत असे. पाली हे बीड तालुक्यातलं असंच एक मंडळ.

रोजच्या पावसाचे आकडे हाताशी असतील, तर हा खंड एक्सेलमध्ये कसा मोजायचा? एकूण पाऊस काढणं सोपं, त्याला ‘सम’ पुरतं. ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झालेले, म्हणजे अतिवृष्टीचे दिवस मोजणंही सोपं. ‘काउंटइफ’ ते करतं. सलग कोरड्या दिवसांची सर्वांत लांब रांग शोधायला मात्र तयार बटण नाही. नवशिके इथे थांबतात, आणि खरं शिक्षण इथूनच सुरू होतं.

उत्तर एका जादा रकान्यात आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात पाऊस. तिसऱ्यात ‘इफ’ वापरून एकच नियम लिहायचा : आजचा पाऊस २.५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर वरच्या कप्प्यातल्या आकड्यात एक मिळवा. नसेल तर शून्य लिहा. भारतीय हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो, म्हणून ही मर्यादा. विम्याच्या अधिसूचनेतली अट वेगळी असेल, तर तीच घालायची. सूत्र खाली ओढलं की रकाना १, २, ३ असा चढत जातो आणि पाऊस पडताच शून्यावर येतो. शेवटी ‘मॅक्स’ने त्यातला सर्वांत मोठा आकडा काढायचा. झाला खंड मोजून.

हे सूत्र लिहिणाऱ्याने, त्याला कोणी तसं सांगितलेलं नसलं तरी, प्रोग्रामिंगच केलेलं असतं. मोठा प्रश्न छोट्या पायऱ्यांत फोडणं, कालचा निकाल आजच्या पायरीला देणं, अट मोडताच मोजणी नव्याने सुरू करणं, या गोष्टी कुठल्याही संगणकभाषेत अशाच असतात.

यात एक सापळाही आहे. एखाद्या दिवशी नोंदच झाली नाही, तर तो कप्पा रिकामा राहतो. रिकाम्या कप्प्याची संख्येशी तुलना करताना एक्सेल त्याला शून्य मानतं. म्हणजे ‘नोंद नाही’चं ‘पाऊस नाही’ होतं आणि खंड खोटाच लांबतो. म्हणून सूत्रात आधी कप्पा रिकामा आहे का ते विचारायचं, आणि असेल तर तो दिवस वेगळा दाखवायचा. शेतकऱ्याच्या पैशांशी जोडलेल्या तक्त्यात हा भेद पाळलाच पाहिजे.

ग्रामीण महाराष्ट्रातल्या कागदपत्रांत असे सापळे बरेच आहेत. गट नंबर घ्या. भारतीय पद्धतीची तारीख लावलेल्या संगणकावर १२/३ टाईप केलं की १२ मार्च उमटतो. ४५/२ तसाच राहतो, कारण ४५ तारीख नसते. एकाच रकान्यात निम्मे गट आणि निम्म्या तारखा झाल्या की क्रमवारीही बिघडते आणि शोधही. मागाहून रकाना ‘टेक्स्ट’ केला, तर १२/३च्या जागी ४५३६३ असा आकडा दिसू शकतो. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनच्या दिवसांची मोजणी ठेवतं. १२ मार्च २०२४चा क्रमांक ४५३६३ आहे. उपाय एकच : टाईप करण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवायचा.

या सापळ्यात जगभरातले जीवशास्त्रज्ञही अडकले होते. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ ही जनुकांची नावं एक्सेल तारखांमध्ये बदलत असे. जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२०मध्ये अखेर ती नावंच बदलून ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्टिन१’ अशी केली.

जमिनीच्या क्षेत्राचं गणित तर खास आपल्याकडचं. २ एकर ३५ गुंठे आणि १ एकर २० गुंठे हे २.३५ आणि १.२० असे लिहिले, तर बेरीज ३.५५ येते. खरं उत्तर ४ एकर १५ गुंठे, कारण एकराचे गुंठे ४०. एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत ठेवून सगळ्याचे गुंठे केले की ११५ आणि ६०, मिळून १७५ होतात. ४० ने भागल्यावर ‘इंट’ ४ एकर देतं आणि ‘मॉड’ उरलेले १५ गुंठे.

बँक खात्यांच्या यादीत चूक अधिक महागात पडते. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच नेमके सांभाळतं. १६ अंकी खाते क्रमांक संख्या म्हणून भरला, की शेवटचा अंक शून्य होतो. सुरुवातीची शून्यं तर गळूनच जातात. इथेही आधी ‘टेक्स्ट’. दोन याद्या जुळवताना ‘व्हीलुकअप’ची शेवटची जागा रिकामी सोडली, तर ते नेमकी जुळणी न शोधता जवळपासची शोधतं आणि भलत्याच माणसाचं खातं पुढ्यात ठेवू शकतं. तिथे ‘फॉल्स’ लिहावंच लागतं. नावावरून जुळवणी तर टाळलेलीच बरी : नावामागची एक मोकळी जागा, किंवा ‘कुऱ्हाडे’मधला ‘ऱ्ह’ वेगळ्या पद्धतीने टाईप होणं, एवढ्याने दोन सारखी दिसणारी नावं संगणकाला वेगळी वाटतात.

बीड जिल्ह्यातून हजारो जोड्या दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल, तोडलेले टन, टनाचा दर आणि शिल्लक, असा त्यांचा हिशोब शीटवर मांडताना दर प्रत्येक सूत्रात पुरून ठेवू नये. तो वरच्या एका कप्प्यात लिहावा आणि डॉलरची खूण लावून सूत्रांना तिथेच बांधावं. दर वाढला की एकच आकडा बदलायचा. मजुरालाही कुठल्या दराने हिशोब झाला ते समोर दिसतं.

शिकायला महाराष्ट्रात मोठी वाट आधीच तयार आहे. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने गावोगावच्या तरुणांना एक्सेलची पहिली ओळख करून दिली. प्रमाणपत्र हाती आल्यावर पुष्कळांचा सराव तिथेच संपतो, ही खरी हानी. पुढची शिडी अवघड नाही : आधी जादा रकाने, मग पिव्होट टेबल, मग रोजची तीच कामं आपोआप करणारे मॅक्रो. एक्सेलमध्ये मॅक्रोसाठी व्हीबीए ही भाषा १९९३पासून आहे. २०२०मध्ये जाहीर झालेल्या ‘लॅम्डा’मुळे तर एकर-गुंठ्यांसारखं आपलं स्वतःचं फंक्शन नाव देऊन बनवता येतं. परवान्याचे पैसे नसतील, तर लिबरऑफिस विनामूल्य मिळतं, आणि गूगल शीट्स मोबाइलवरही चालतं.

दुसऱ्याची नजर हीसुद्धा या शिक्षणातली एक पायरी आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांच्या २०१०च्या शोधनिबंधात सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या. सरकारी कर्ज आणि विकासदर यांवरचा हा शोधनिबंध जगभर काटकसरीच्या समर्थनार्थ पुढे केला जात होता. थॉमस हर्नडन या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला लेखकांनी मूळ शीट दिली, म्हणून ती चूक २०१३मध्ये उघडकीला आली. निव्वळ छापील तक्त्यावरून ती कळली नसती. ग्रामसभेपुढे पावसाचा किंवा अनुदानाचा तक्ता येतो, तेव्हा पीडीएफबरोबर सूत्रांसकट मूळ शीटही मिळाली, तर पालीतल्या एमएस-सीआयटी झालेल्या एखाद्या मुलीलाही प्रत्येक कप्पा उघडून हिशोब तपासता येईल.