नाताळच्या आदल्या रात्रीचा चावटपणा

ब्रिटिश टीव्हीवरच्या नाताळ कार्यक्रमांचा विषय निघाला की आपले जाणकार डोळे मिटून मोरकम आणि वाइज यांचं नाव घेतात. घ्यावं. १९७७ सालचा त्यांचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता आणि माणसंही गुणी होती. पण त्याच दिवाणखान्यात मागल्या दाराने शिरलेल्या ‘कॅरी ऑन’च्या वात्रट मंडळींना या जाणकारांच्या आढाव्यात दोन ओळीही मिळत नाहीत. मिळाल्याच तर ‘सिनेमातलं उरलंसुरलं टीव्हीवर वाढलं’ एवढीच संभावना. हे लिहिणाऱ्यांनी ते कार्यक्रम पाहिलेले नाहीत, अशी माझी खात्री आहे.

‘कॅरी ऑन’ म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. पीटर रॉजर्स निर्माता, जेराल्ड थॉमस दिग्दर्शक, मुक्काम पाइनवुड स्टुडिओ आणि १९५८पासून चाललेला स्वस्तातल्या चावट सिनेमांचा कारखाना. १९६९मध्ये ‘कॅरी ऑन कॅम्पिंग’ने ब्रिटनमध्ये त्या वर्षीचा सर्वाधिक गल्ला जमवला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला थेम्स टेलिव्हिजनने ही टोळी घराघरांत सोडली. आयटीव्हीवर रंग येऊन तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता.

त्या पहिल्या कार्यक्रमात सिड जेम्स स्क्रूज झाला, इथेच अर्धी बाजी मारली. डिकन्सचा तो कंजूष म्हातारा आणि सिडचं ते गटारातून वर येणारं हसू! भुतं येतात ती त्याला सुधारायला, पण मध्येच ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, सिंड्रेला असे वाटेल ते पाहुणे घुसतात. फ्रँकी हॉवर्ड कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि हॅटी जॅक्स एलिझाबेथ बॅरेट, ही जोडी ज्याला सुचली त्याला मी मनोमन मुजरा करतो. इंग्रजी साहित्यातली सगळ्यात पवित्र प्रेमकहाणी, आणि हॉवर्ड प्रत्येक वाक्यानंतर प्रेक्षकांकडे वळून ‘तुमच्याच मनात पाप’ असा चेहरा करतो.

याला स्वस्त म्हणणाऱ्यांनी त्याची वंशावळ पाहावी. नाताळात इंग्रज माणूस पोराबाळांना घेऊन पँटोमाइमला जातो. तिथे पुरुष लुगडं नेसल्यासारखा झगा घालून ‘डेम’ होतो, म्हणजे आपल्या गौळणीतली मावशीच. आणि नायकाचं काम एखादी तरणी मुलगी आखूड कपड्यांत करते. विनोद दोन मजली असतो, खालचा पोरांसाठी, वरचा आईबापांसाठी. १९७०च्या कार्यक्रमात ‘ट्रेझर आयलंड’चं विडंबन होतं, त्यात जिम हॉकिन्स बार्बरा विंडसर होती. टीकाकारांना त्यात अंगप्रदर्शन दिसलं, मला शे-दीडशे वर्षांची रीत दिसली. विनोदवीर मॅक्स मिलर रंगमंचावर सोवळ्या विनोदांची पांढरी वही आणि चावट विनोदांची निळी वही दाखवून प्रेक्षकांनाच निवड करायला लावी. प्रेक्षक निळीच मागत. डोनाल्ड मॅगिलची समुद्रकिनाऱ्यावरची चावट पोस्टकार्डं १९५४ साली लिंकनच्या कोर्टात खेचली गेली आणि त्याला दंड झाला, पण त्याआधी १९४१मध्येच जॉर्ज ऑर्वेलने त्यांच्यावर गंभीरपणे निबंध लिहिला होता. आपल्याकडे दादा कोंडक्यांवर तेव्हाच असं कुणी लिहिलं असतं तर!

माझा खरा माणूस मात्र पडद्यामागचा, लेखक टॅलबट रॉथवेल. दुसऱ्या महायुद्धात तो हवाई दलात होता. विमान पडलं आणि रवानगी जर्मनांच्या श्टालाग लुफ्ट तीन या छावणीत झाली. तिथल्या बराकीत तो करमणुकीचे खेळ लिहू लागला. रंगमंचावर त्याच्याबरोबर उभा राहिला दुसरा कैदी, पीटर बटरवर्थ. प्रेक्षक जितका गोंगाट करतील तितका भुयार खणणाऱ्यांचा आवाज दबायचा. वाईट विनोदाला हुर्यो मिळाली तरी फायदाच! पुढे त्याच छावणीतल्या पलायनावर ‘द वुडन हॉर्स’ हा सिनेमा निघाला. बटरवर्थ काम मागायला गेला, तर म्हणे हा पुरेसा शूर आणि धडधाकट दिसत नाही. नाताळच्या कार्यक्रमांत कडेला गोंधळून उभा असलेला तो गोलमटोल माणूस एकदा नीट बघा. कॅमेरा सिडवर असतो, पण दृश्य बटरवर्थ सांभाळतो.

रॉथवेलचं वाक्य कागदावर धुतल्या तांदळासारखं असायचं. सेन्सॉरने बोट ठेवावं तर कुठे? घाण ऐकणाऱ्याच्या डोक्यात, लेखक नामानिराळा.

बाकीचं झटपट उरकतो. १९७०चा कार्यक्रम कृष्णधवल निघाला, कारण आयटीव्हीच्या तंत्रज्ञांनी पगाराच्या वादात रंगीत यंत्रांना हात लावायचं नाकारलं होतं. १९७२ला सिड नव्हता. मग श्रेयनामावलीत पहिलं नाव आपलं हवं म्हणून टोळीतलाच चार्ल्स हॉट्री अडून बसला, ते मिळालं नाही तेव्हा ऐनवेळी निघून गेला आणि ‘कॅरी ऑन’मध्ये पुन्हा कधीच दिसला नाही. तो कार्यक्रम फिकाच झाला. १९७३ला सिड दुकानातला सांताक्लॉज होऊन परतला. सिनेमांतला हुकमी नट केनेथ विल्यम्स यातल्या एकाही नाताळात नाही, आणि मला त्याची उणीव कधी जाणवली नाही. यावर पत्रं येतील, येऊ देत.

लंडनच्या मावसभावाने धाडलेल्या व्हिडिओ कॅसेटवर हे सगळं मी पाहिलं, तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी शेजारीच बसली होती. कुणी उठून गेलं नाही. आजचे विनोदवीर सरळ शिवी देतात आणि टाळीची वाट बघत उभे राहतात. सगळं उघडच बोलायचं असेल तर ऐकणाऱ्याला करायला काय उरतं? ब्रिटनमध्येही तेच झालं. १९८९मध्ये थेम्सने चावट विनोदाच्या बेनी हिलला नारळ दिला, १९९२मध्ये ‘कॅरी ऑन कोलंबस’ काढून रॉजर्स-थॉमस जोडीने जुनं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं, पण रॉथवेल तोवर जग सोडून गेला होता आणि सिडचं हसू १९७६मध्येच संडरलंडच्या रंगमंचावर थांबलं होतं.

नव्याने बघायला बसणाऱ्यांनी १९६९पासून सुरुवात करावी. १९७२ गाळलं तरी चालेल.