थीम घडवताना

परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेची माहिती देणारी वेबसाइट करायची आहे, असं समजा. मजकूर आणि फोटो वर्डप्रेस सांभाळतं. ते कसे दिसावेत हे थीम ठरवते. 2003 साली सुरू झालेली वर्डप्रेस ही प्रणाली मोफत आहे आणि तिचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. शिकायला याहून चांगली सोय नाही.

जुन्या पद्धतीच्या थीमला किमान दोन फायली पुरतात: स्टाइल.सीएसएस आणि इंडेक्स.पीएचपी. नव्या ब्लॉक थीममध्ये रंग, फॉन्ट, अंतरं थीम.जेसनमध्ये लिहितात. तयार थीममध्येच बदल करायचे असतील तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली वेगळी थीम करावी, नाहीतर मूळ थीम अपडेट झाली की केलेलं सगळं पुसलं जातं.

मराठीसाठी खरी मेहनत अक्षरांवर. इंग्रजी थीममधलं अक्षरांमधलं जादा अंतर तसंच ठेवलं, तर शिरोरेषा तुटते. ओळी जवळ असल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मोफत ‘मुक्ता’ फॉन्ट घ्यावा, ओळींची उंची 1.7च्या आसपास ठेवावी आणि पान आधी स्वस्तातल्या मोबाइलवर पाहावं. यात्रेकरू तिथंच पाहणार.