तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले शिवाजी महाराज

फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच धर्मोपदेशकाचा पूर्वेकडील देशांवरील बृहद्ग्रंथ 1724 ते 1726 या काळात दोर्द्रेख्त व ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात शिवाजी महाराजांचे एक छापील चित्र आहे. परंतु महाराज 1680 मध्येच निवर्तले असल्यामुळे, ते कोरणाऱ्या कारागिरापुढे आधीचे एखादे चित्रच असू शकत होते. गोवळकोंड्याचे चित्रकार त्या काळी राजे व सरदार यांच्या लघुचित्रांचे संच युरोपीय ग्राहकांसाठी तयार करीत असत आणि 1677 मध्ये महाराज स्वतः गोवळकोंड्यास गेलेले होते. ॲम्स्टरडॅमचे नगराध्यक्ष निकोलास विट्सेन यांच्याकडील असा एक संच, त्यातील महाराजांच्या चित्रासह, आज तेथील राइक्सम्यूझियममध्ये आहे.

अशी नक्कल दोन रीतींनी होई. उत्कीर्णनात अणकुचीदार हत्याराने रेघ थेट धातूत कोरली जाते. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या भंडारा जिल्ह्यात भांड्यावर नाव घालणारा कारागीर तत्त्वतः हेच करतो. अम्लरेखनात, म्हणजे एचिंगमध्ये, पत्र्याला मेण व राळ यांचा लेप देऊन सुईने त्यावर चित्र काढतात. मग पत्रा आम्लात बुडवला की उघड्या पडलेल्या रेघाच खोल होतात, त्यांत शाई भरून ओलसर कागद दाबला की चित्र उमटते. डच पुस्तकांतील चित्रांसाठी या दोन्ही रीती अनेकदा एकाच पत्र्यावर वापरल्या जात.

यातून मूळ चित्राचे बरेच काही हरवते. रंग जातात, लघुचित्रातील सपाट चेहऱ्यावर आडव्यातिडव्या रेघांनी युरोपीय छायाप्रकाश चढतो, आणि नकलाकाराने चित्र जसेच्या तसे पत्र्यावर उतरवले असेल, तर छापात ते आरशातल्यासारखे उलटते, तेव्हा डावीकडची तलवार उजवीकडे दिसली तर त्यावरून निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

परक्याचे चित्र गिरवणे हे केवळ पोटासाठी चाललेले काम नव्हते. स्वतः रेम्ब्रांटने 1656 ते 1661 च्या सुमारास मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली आणि त्यांतील मांडणी 1656 च्या, अब्राहम व देवदूतांच्या अम्लरेखनात वापरली. मात्र त्याला रचना हवी होती, तर ग्रंथकाराला ओळख, म्हणून संशोधकांना महाराजांच्या अस्सल चित्राचा शोध घेताना छापील नकलेच्या मागे, तिच्या आधीच्या रंगीत चित्रांपर्यंत जावे लागले.