पेरू की जाम? : मुलांची भाषा मोजताना

भूम तालुक्यातील एका गावची अंगणवाडी. साडेतीन वर्षांची एक मुलगी आमच्या सहायकासमोर बसली होती. तो तिला एकेक चित्र दाखवी आणि 'हे काय आहे?' असे विचारी. गाय, चप्पल, घागर ही चित्रे तिने पटापट ओळखली. पुढचे चित्र पेरूचे होते. मुलगी म्हणाली, "जाम." सहायकाने तक्त्यात फुली मारली. बटाट्याच्या चित्राला ती "आलू" म्हणाली. आणखी एक फुली पडली. मागे बसलेल्या आजीला राहवले नाही. ती म्हणाली, "जामच हाय की ते. बरोबर तर सांगितलं लेकरानं."

आजीचे म्हणणे खरे होते. मराठवाड्यात पेरूला जाम म्हणतात आणि बटाट्याला आलू. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि तिकडच्या बोलीतही हेच शब्द आहेत. शब्दांची यादी आम्ही विद्यापीठातल्या खोलीत बसून केली होती, ती पुण्या-मुंबईच्या पुस्तकांवरून. चूक यादीत होती, पण तिची नोंद मुलीच्या नावावर झाली होती. बालभाषा आणि मेंदूचा विकास यांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेच्या कामाचे समन्वयन माझ्याकडे आहे. त्यामुळे ही यादी वापरण्यापूर्वी गावात तपासून न घेण्याची चूक अर्थातच माझी. अशा प्रयोगशाळेत नेमके काय चालते आणि शिक्षकांना त्याचा काय उपयोग, हे या लेखात पाहू.

अर्भकाचा कान

नवजात बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. सहाव्या वर्षापर्यंत ते सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पोचते. या काळात चेतापेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या बळकट होतात, बाकीच्या हळूहळू गळून जातात. भाषेच्या बाबतीत हे कसे घडते, याचा एक सुंदर प्रयोग जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातून प्रसिद्ध केला.

'ताक' आणि 'टाक' या दोन शब्दांतला फरक आपल्याला सहज ऐकू येतो. त म्हणताना जीभ दातांना लागते आणि ट म्हणताना मागे वळून टाळूला लागते. इंग्रजी भाषकांना हा फरक ओळखणे जड जाते. मग इंग्रजी घरातल्या तान्ह्या बाळाला तो कळत असेल का? बाळाला विचारता येत नाही. म्हणून त्याला आईच्या मांडीवर बसवून ध्वनिक्षेपकातून एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवतात. ध्वनी बदलला की बाजूच्या पेटीत दिवा लागतो आणि खेळणे हलू लागते. दोन-चार वेळा असे झाले की ध्वनी बदलताच बाळ आपणहून पेटीकडे मान वळवते. मान वळली, म्हणजे फरक कळला.

हिंदीतील त-ट घेऊन केलेल्या या प्रयोगात ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक इंग्रजी बाळांनी फरक ओळखला. १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना तो ओळखता आला. हिंदी घरांतल्या बाळांची क्षमता मात्र टिकून होती. पहिला शब्द बोलण्याआधीच बाळाचा कान घरच्या भाषेला जुळलेला असतो. मराठीतही त आणि ट यांचा भेद असल्यामुळे हा निष्कर्ष आपल्या जवळचा आहे.

मराठी बोबड्या बोलांचा अभ्यास

या विषयात मराठीचे स्थान जुने आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील भाषाशास्त्रज्ञ अशोक रा. केळकर यांनी मराठी माणसे लहान मुलांशी जी वेगळी भाषा बोलतात, तिचे वर्णन १९६४ साली 'वर्ड' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधील अशा बोलीची तुलना केली. अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, कोमांची आणि गिल्याक यांच्या जोडीला सहावी भाषा मराठी होती. मम्मम्, भूभू, जोजो अशा शब्दांमध्ये अवघड जोडाक्षरे नसतात, तेच अक्षर पुन्हा येते आणि र, ळ यांसारखे कठीण ध्वनी टाळले जातात. एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांतही अशा सोप्या करण्याच्या रीती सारख्याच आढळतात.

मूल मात्र केवळ नक्कल करत नाही. 'मी केलं' ऐवजी 'मी करलं' म्हणणारे मूल आपण सर्वांनी पाहिले आहे. घरातले मोठे माणूस असे बोलत नाही. 'धर-धरलं', 'भर-भरलं' यांवरून मुलाने नियम काढला आणि तो 'कर'ला लावला. आईचे ऐकून 'मी जेवते' म्हणणारा मुलगाही असाच, उपलब्ध पुराव्यावरून तर्क करत असतो. शिक्षकाला या चुका वाटतात. संशोधकाच्या दृष्टीने त्या मुलाच्या मनातील व्याकरणाच्या खुणा असतात.

मेंदूत डोकावण्याची साधने

मेंदूचे काम पाहण्यासाठी मुख्यतः तीन साधने वापरतात. चुंबकीय प्रतिमायंत्रातून मेंदूची रचना बारकाईने दिसते. पण त्यात अगदी निश्चल पडावे लागते, म्हणून तान्ह्या बाळांची तपासणी बहुधा झोपेत करतात. दुसरे साधन विद्युत-आलेखाचे. डोक्यावर संवेदकांची टोपी घालून चेतापेशींच्या समूहांतून उठणाऱ्या अतिक्षीण विद्युत-लहरी टिपल्या जातात. एखादा ध्वनी ऐकल्यावर मेंदूने किती सहस्रांश सेकंदांत प्रतिसाद दिला, हे त्यातून कळते. तिसऱ्या साधनात अवरक्त किरणांच्या जवळचा निरुपद्रवी प्रकाश टोपीतून डोक्यात सोडतात. मेंदूचा जो भाग कामात असतो तिथे प्राणवायूयुक्त रक्त अधिक येते आणि प्रकाशाचे शोषण बदलते. हे यंत्र हलवता येते आणि मूल मांडीवर थोडे चुळबुळले तरी चालते.

याच तिसऱ्या पद्धतीने उत्तर प्रदेशातील शिवगढ या ग्रामीण भागात ४ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलांचा अभ्यास झाला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. पडद्यावर दोन बाजूंना रंगीत चौकोन लुकलुकतात आणि एका बाजूचे रंग बदलत राहतात. बदल लक्षात ठेवताना मेंदू कसे काम करतो, हे त्यात पाहिले. आईचे शिक्षण व घरचे उत्पन्न कमी असलेल्या मुलांत हा प्रतिसाद क्षीण आढळला. याचा अर्थ ती मुले जन्मतः कमी, असा नाही. भोवतालची परिस्थिती मेंदूच्या कामात उमटते आणि परिस्थिती बदलता येते, असा तो अर्थ आहे.

समन्वयकाचे काम

यंत्रे महाग असतात, म्हणून लोकांना त्यांचेच कौतुक वाटते. पण अभ्यास खरा ठरेल की खोटा, हे बऱ्याचदा साध्या कामांवर अवलंबून असते.

पहिले काम परवानगीचे. नीतिसमितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही मुलाला हात लावता येत नाही. पालकांना त्यांच्या भाषेत सगळे समजावून लेखी संमती घ्यावी लागते. ७ वर्षांपुढच्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. मूल 'नको' म्हणाले तर तपासणी थांबते. मुलाच्या नावाऐवजी क्रमांक वापरतात आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवतात.

दुसरे काम वेळेचे. भुकेल्या किंवा झोपाळलेल्या बाळाचे मापन निरर्थक असते. आधी कान तपासावे लागतात, कारण कान फुटून वाहणाऱ्या मुलाला ऐकूच कमी येत असेल, तर त्याचे उत्तर भाषेविषयी काहीच सांगत नाही.

तिसरे काम नोंदींचे. घरातल्या बोलण्याचे तासाभराचे ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायला कित्येक तास जातात. तेच मुद्रण दोन जण स्वतंत्रपणे ऐकून लिहितात. समजा, शंभर वाक्यांपैकी ८४ वाक्ये दोघांनी सारखी लिहिली, तर उरलेली १६ पुन्हा एकत्र बसून ऐकायची. 'ताता' हे 'काका' आहे की 'टाटा', हे प्रसंग पाहिल्याशिवाय कळत नाही.

चौथे आणि सर्वांत अवघड काम म्हणजे मुले अभ्यासातून गळू न देणे. धाराशिव जिल्ह्यात हे फार जाणवते. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. लहान मुले त्यांच्याबरोबर कोपीवर राहतात. आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ४० मुलांपैकी ३० मुलांना सरासरी ५० शब्द येतात आणि ऊसतोड कुटुंबांतील १० मुलांना ४०. एकूण सरासरी झाली ४७.५. सहा महिन्यांनी, जानेवारीत, पुन्हा चाचणी घेतली. ती १० मुले गावात नाहीत. उरलेल्या मुलांत काहीही प्रगती झाली नाही असे मानले तरी सरासरी होते ५०. कागदावर अडीच शब्दांची वाढ दिसते, आणि ज्यांची काळजी सर्वांत जास्त करायला हवी तीच मुले हिशेबातून नाहीशी होतात. म्हणून तपासणीचे वेळापत्रक हंगाम पाहून आखावे लागते, नाहीतर संशोधकाने कोपीवर जावे लागते.

हे अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. त्यातून जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे वर्षानुवर्षे घेतला गेला. मुले ९ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींची बौद्धिक चाचणी झाली आणि ती २००८ साली प्रसिद्ध झाली. गर्भारपणी ज्या आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले अवधान आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे होती. पुढे ही पिढी वयात आल्यावर त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गर्भधारणेपूर्वीपासून नुसते ब-१२ घेतलेल्या मातांच्या मुलांची आकलन व भाषा या चाचण्यांतील कामगिरी दोन वर्षांच्या सुमारास सरस होती. मुलाच्या बोलण्याचा प्रश्न आईच्या ताटापर्यंत कसा जातो, हे केवळ चिकाटीने मागोवा घेतल्यामुळे समजले.

कोणाचे बोलणे मोजायचे?

१९९५ साली हार्ट आणि रिस्ली यांनी अमेरिकेतील ४२ कुटुंबांचा अभ्यास करून म्हटले की गरीब घरातील मुलांच्या कानांवर फार कमी शब्द पडतात. हा निष्कर्ष जगभर गाजला. पण त्यात मुख्यतः मुलाला सांभाळणाऱ्या पालकाचे बोलणे मोजले होते. २०१८ साली स्पेरी आणि सहकाऱ्यांनी पाच वस्त्यांमध्ये मुलाभोवतीच्या सर्वांचे बोलणे मोजले, तेव्हा चित्र इतके सरळ उरले नाही. आपल्याकडे आजी, चुलती, थोरली बहीण, शेजारीण अशा सगळ्या जणी मुलाशी बोलतात. नुसती आई मोजली तर घर मुके वाटेल.

शब्दांच्या संख्येइतकीच, किंबहुना जास्त, देवाणघेवाण महत्त्वाची असते. अमेरिकेत ४ ते ६ वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांशी आलटून-पालटून अधिक संवाद होई, त्यांच्या मेंदूतील ब्रोका हे भाषेचे क्षेत्र गोष्ट ऐकताना अधिक क्रियाशील होते. त्यापूर्वी २००३ साली पॅट्रिशिया कुल यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ती बाळे चिनी ध्वनी शिकली. तेच बोलणे पडद्यावरून ऐकवले तेव्हा शिकली नाहीत. मुलाच्या हाती मोबाइल देऊन 'भाषा सुधारेल' असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वर्गात करून पाहण्याजोगे

पहिलीच्या वर्गात तांड्यावरून आलेले मूल गप्प बसते. घरी ते आईला 'याडी' म्हणते आणि भाकरीला 'बाटी'. त्याची गोरमाटी समृद्ध आहे, फक्त आपल्या चाचणीला ती कळत नाही. उमरग्याकडच्या काही घरांत कन्नड असते, नळदुर्गात दखनी. अशा मुलावर 'मंद' असा शिक्का मारण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात.

एक, मुलाच्या मागे उभे राहून हळू आवाजात त्याचे नाव घ्या. एकदा नव्हे, वेगवेगळ्या दिवशी. ते वारंवार वळत नसेल, तर कान तपासून घ्या. दोन, वस्तूंची २० चित्रे घ्या आणि गावातल्या दोन-तीन आजींना त्यांची नावे विचारा. जी जी नावे मिळतील ती सर्व बरोबर माना आणि मग मुलांना विचारा. तीन, मुलाने घरच्या भाषेत दिलेले उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा. ते कळत नसेल तर त्याच्या मोठ्या भावंडाला विचारा. दोन्ही रकान्यांची बेरीज म्हणजे मुलाचा खरा शब्दसंग्रह.

आमच्या यादीत आता पेरूसमोर 'जाम' आणि बटाट्यासमोर 'आलू' लिहिले आहे. त्या मुलीचा तक्ता आम्ही पुन्हा तपासला आणि दोन्ही फुल्या काढल्या. तिच्या आधी त्याच यादीने तपासलेल्या मुलांचे तक्तेही एकेक करून पुन्हा पाहावे लागले. त्या कामाला तीन आठवडे गेले.