मोटारसायकलीच्या टाकीत विमानाचे पेट्रोल : नफा किती, नुकसान किती?

अमेरिकेत लहान विमानतळांच्या आसपास राहणारे काही शौकीन आपल्या मोटारसायकलीत विमानाचे पेट्रोल भरतात. वाळूत, चिखलात आणि डोंगरात चालणारी जी चार चाकांची गाडी असते, जिला एटीव्ही किंवा क्वाड बाइक म्हणतात, तिच्या टाकीतही ते हेच पेट्रोल ओततात. हा रिवाज तिकडे जुना आहे. विमान ज्या पेट्रोलवर उडते त्यावर गाडीही उडेल, असा त्यामागचा साधा समज आहे.

हा विषय आपल्या व्यापाराच्या पानावर घेण्याचे कारण उघड आहे. आपल्या समाजातील असंख्य तरुण गॅरेजच्या धंद्यात आहेत, इथे गावोगावी आणि तिकडे आखातातही. अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर आता एटीव्ही फिरतात आणि दुबईच्या वाळूत तर त्यांचा मोठा धंदाच आहे. अशी गाडी दुरुस्तीला आली आणि मालकाने विमानाच्या पेट्रोलची गोष्ट काढली, तर मिस्त्रीला जबाब देता आला पाहिजे. हा जबाब फक्त इंजिनाचा नाही. गॅरेजमध्ये काम करणाऱ्याच्या तब्येतीचाही आहे.

विमानाचे इंधन दोन प्रकारचे

पहिली गल्लत नावातच होते. मोठ्या जेट विमानांचे इंधन म्हणजे एटीएफ. हे रॉकेलच्या जातीचे आहे. साध्या पेट्रोल इंजिनात ते नीट पेट घेत नाही, इंजिन ठोकू लागते, धूर होतो आणि न जळालेले इंधन खाली ऑइलमध्ये उतरते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळल्याने इंजिनाचे जे हाल होतात, तेच इथे होतात.

दुसरे इंधन म्हणजे ॲव्हगॅस. हे खरोखरचे पेट्रोल आहे आणि पंखा असलेल्या लहान पिस्टन विमानांत वापरले जाते. बारामती, धुळे येथे विमान शिकवणाऱ्या संस्था आहेत. पेट्रोल इंजिनाची शिकाऊ विमाने याच ॲव्हगॅसवर चालतात. त्याच्या सर्वांत चालणाऱ्या प्रकाराचे नाव '१०० एलएल', रंग निळा. आपल्या देशात ते पूर्वी परदेशातून आणावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याजवळच्या आपल्या गुजरात रिफायनरीत तयार केलेले १०० एलएल बाजारात आणले.

जेटचे इंधन मोटारसायकलीत कधीच चालत नाही काय? चालते, पण त्याची रीत पाहा. अमेरिकेच्या मरीन दलाला सर्व वाहनांसाठी एकच इंधन हवे होते. फौजेचे जेपी-८ हे जेट इंधन डिझेल इंजिनात चालते. म्हणून कावासाकी केएलआर ६५० या गाडीच्या सांगाड्यात नवे डिझेल इंजिन बसवून एम १०३० एम १ ही मोटारसायकल बनवण्यात आली. म्हणजे फौजेनेसुद्धा पेट्रोल इंजिनात जेट इंधन ओतले नाही. इंधनाला शोभेल असे इंजिनच बदलले.

शंभर नंबरचा अर्थ काय?

१०० एलएल मधला १०० हा ऑक्टेनचा आकडा आहे. आपल्या पंपावरचे साधे पेट्रोल बरीच वर्षे ९१ ऑक्टेनचे होते. ते ज्या चाचणीने मोजतात तिच्यापेक्षा विमान पेट्रोलची चाचणी कडक असते. त्यामुळे शंभराचा आकडा दिसतो त्याहून भारी आहे, यात शंका नाही.

पण ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. आम्ही कापडवाले सुताचा काउंट पाहतो. शंभर काउंटचे सूत वीस काउंटच्या सुतापेक्षा महाग असते, पण ते जास्त मजबूत नसते, जास्त बारीक असते. मलमलीसाठी ते लागतेच. त्याच सुताचा टॉवेल विणायला बसलो तर पैसा जाईल आणि टॉवेलही धड होणार नाही. ऑक्टेनचा आकडा असाच आहे. दाबाखाली पेट्रोलने ठिणगीच्या आधी स्वतःहून पेट घेऊ नये, इंजिन ठोकू नये, एवढेच तो सांगतो. ज्या इंजिनात दाब खूप जास्त, त्याला जास्त ऑक्टेन लागते. शर्यतीच्या गाडीत इंजिनाचा दाब मुद्दाम वाढवलेला असतो, तिला त्याचा खरा फायदा होतो. रोजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीचे इंजिन साध्या पेट्रोलवरच बेतलेले असते. तिला शंभर ऑक्टेन पाजले म्हणून पिकअप वाढत नाही.

मग शौकीन ते का भरतात?

शर्यतवाल्यांना सोडले तरी एक कारण उरते आणि ते खोटे नाही. अमेरिकेतल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढते. एटीव्ही हंगामी गाडी आहे, महिनोनमहिने उभी राहते. तेवढ्या काळात पेट्रोल शिळे होते, कार्बोरेटरच्या बारीक भोकांत राळ बसते आणि जुने रबरी पाइप खराब होतात. ॲव्हगॅसमध्ये इथेनॉल नसते आणि ते जास्त टिकते. हंगाम संपताना टाकीत तेच भरून ठेवले तर पुढच्या वर्षी गाडी लवकर सुरू होते, असा त्यांचा तजुर्बा आहे.

आपल्याकडे २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांबाबत हा सवाल आपल्या मिस्त्रींसमोरही आहे. पण त्याचा इलाज स्वस्त आहे. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकावे. जुने रबरी पाइप बदलून इथेनॉल सोसणारे पाइप लावावेत. एवढ्यासाठी विमानतळाकडे जाण्याची गरज नाही.

इंजिनाचे काय होते?

ॲव्हगॅस साध्या पेट्रोलपेक्षा वजनाला थोडे हलके असते. कार्बोरेटर पेट्रोल मापाने सोडतो, वजनाने नाही. जेट तोच ठेवला तर सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी आणि हवा जास्त पोहोचते. अशा पातळ मिश्रणावर जोरात चालवलेले इंजिन तापते आणि टू-स्ट्रोक गाडीत पिस्टन जाम होण्याची भीती असते. शिवाय हे पेट्रोल उंच आकाशात टाकीतच वाफ होऊ नये म्हणून कमी उडणारे बनवलेले असते. म्हणून थंडीच्या सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेते.

त्याहून मोठी गोष्ट शिशाची. एलएल म्हणजे 'लो लेड', कमी शिशाचे. पण कमी कशाच्या मानाने? विमानाच्याच जुन्या पेट्रोलच्या मानाने. त्यात लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते. हे शिसे बाहेर काढण्यासाठी आणखी एक रसायन मिसळलेले असते, पण ते काम इंजिन चांगले तापले तरच नीट होते. थोडे चालवून बंद केलेल्या गाडीत शिसे प्लगवर साचते आणि प्लग मरतो. नव्या गाड्यांत तर नुकसान हजारांत जाते. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. शिशाचा थर दोघांनाही निकामी करतो आणि तो साफ करून मिळत नाही.

शिशाचा हिसाब

पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचे द्रव्य टाकले तर इंजिन ठोकत नाही, हा शोध अमेरिकेत थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये लावला. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे रिफायनरीत हे द्रव्य बनवणारे पाच कामगार मेले. त्यांच्याबरोबरच्या अनेकांना भास होऊ लागले होते. मिजली यांना स्वतःला त्याआधीच शिशाची बाधा झाली होती. तरीही त्या मृत्यूंनंतर त्यांनी पत्रकारांसमोर त्याच द्रव्याने हात धुऊन दाखवले. माल बाजारात गेला आणि पुढे जवळजवळ सर्व जगात पसरला. अमेरिकेने रस्त्यावरच्या गाड्यांसाठी तो १९९६ मध्ये पूर्ण बंद केला, भारताने २००० मध्ये. शेवटी राहिलेल्या अल्जीरियात २०२१ मध्ये बंद झाला. अमेरिकेच्या कायद्यात शर्यतीच्या आणि कच्च्या रस्त्याच्या गाड्यांना सूट राहिली, म्हणून तिथे एटीव्हीचा रिवाज टिकला.

आता आकडा मांडून पाहा. दहा लिटरच्या टाकीत साडेपाच ग्रॅमपर्यंत शिसे जाते. रक्तातले शिसे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. एका डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी त्या मुलाकडे लक्ष द्यावे, असे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये ठरवले. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या अकलेवर आणि अभ्यासावर त्याचा परिणाम होतो, मोठ्यांना रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडाचा आजार जडतो.

आणि हे शिसे प्रथम कोणाला लागते? गाडीचा मालक टाकी भरतो आणि निघून जातो. कार्बोरेटर उघडतो मिस्त्री. प्लग घासतो, ऑइल काढतो, पेट्रोलने हात धुतो आणि त्याच हाताने चहा घेतो तो गॅरेजवरचा पोऱ्या. टेट्राइथाइल लेड कातडीतूनही शरीरात जाते. प्लगवरची आणि सायलेन्सरमधली धूळ कपड्यांवरून घरी लहान मुलांपर्यंत पोहोचते.

विमानवालेही आता त्यापासून सुटका शोधत आहेत. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीने आपल्या दोन विमानतळांवर या पेट्रोलची विक्री जानेवारी २०२२ पासून थांबवली. त्याच वर्षी अमेरिकेच्या विमान खात्याने शिसे नसलेल्या शंभर ऑक्टेनच्या एका पेट्रोलला मंजुरी दिली. विमानातले शिसे २०३० पर्यंत संपवण्याचे तिथे ठरले आहे. ज्यांच्यासाठी हा माल बनला तेच तो सोडायला निघाले असताना आपण तो उचलण्यात शहाणपणा नाही.

गॅरेजवाल्याने काय करावे?

गिऱ्हाइकाने विचारले तर गाडीचे पुस्तक उघडावे. कंपनीने जे ऑक्टेन लिहिले आहे, तेच योग्य. गाडी खरोखर जास्त दाबाची असेल तर पंपावर शंभर ऑक्टेनचे, शिसे नसलेले पेट्रोल मिळते. इंडियन ऑइलने असे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणले. इंजिन ठोकत असेल तर आधी टायमिंग, प्लग आणि सिलिंडरमधला कार्बन पाहावा. बहुतेक वेळा रोग तिथेच सापडतो.

बाहेर देशात काम करणाऱ्या मिस्त्रीसमोर निळ्या पेट्रोलची गाडी आली तर हातमोजे घालूनच ती उघडावी. प्लग कोरडा घासू नये, धूळ फुंकू नये. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ-पिऊ नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. शिकाऊ मुलाला अशा कामावर लावूच नये. हात पेट्रोलने धुण्याची सवय तर प्रत्येक गॅरेजने आजच सोडावी, पेट्रोल कोणतेही असो. साबणाची वडी ठेवायला फार खर्च येत नाही, आणि शागीर्दाच्या तब्येतीची जबाबदारी उस्तादावरच असते.